लाकडी फरशीवरून वाळूत : कार्च किराय यांची दुहेरी कारकीर्द

पायाखालची जमीन बदलली म्हणजे खेळाडूला काय किंमत मोजावी लागते, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीच्या आखाड्यात घडले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा गादीवरील कुस्ती त्यांना नवखी होती. तेथे त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढील चार वर्षांत त्यांनी तिची सवय केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. कबड्डीच्या खेळाडूंनाही मातीवरून मॅटवर येताना पावलांची पकड नव्याने शिकावी लागली. मातीवर बेताने घसरून वाचणारा चढाईपटू मॅटवर जागच्या जागी थबकतो, हे कबड्डीच्या मार्गदर्शकांच्या नित्य अनुभवातील आहे.

याच्या अगदी उलट दिशेने, म्हणजे बंदिस्त सभागृहातील गुळगुळीत लाकडी फरशीवरून मोकळ्या वाळूत गेलेल्या एका खेळाडूच्या कारकिर्दीचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. अमेरिकेचे कार्च किराय यांनी सहा खेळाडूंच्या व्हॉलीबॉलमध्ये १९८४ व १९८८ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली आणि १९९६ मध्ये दोन खेळाडूंच्या बीच व्हॉलीबॉलमध्ये तिसरे. व्हॉलीबॉलच्या या दोन्ही प्रकारांत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले खेळाडू होत.

वर्धा जिल्ह्यातील केळझरच्या वाचकाच्या मनात येथेच एक शंका येईल. सिद्धिविनायकाच्या टेकडीमुळे आणि एकचक्रानगरीच्या आख्यायिकेमुळे विदर्भात सर्वपरिचित असलेले हे गाव नागपूर-वर्धा मार्गावर वसले आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. पुळणीवरच्या खेळाशी येथील शाळेचा आणि ग्रामपंचायतीचा संबंध तो काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर किराय यांच्याच कारकिर्दीत सापडते, म्हणून प्रथम तिकडे वळू.

वडिलांबरोबरची पहिली स्पर्धा

व्हॉलीबॉल हा खेळ १८९५ साली अमेरिकेतील होलिओक या गावी विल्यम मॉर्गन यांनी सुरू केला. बास्केटबॉलची धक्काबुक्की न सोसणाऱ्या प्रौढांसाठी सभागृहात खेळावयाचा सौम्य खेळ, अशी त्याची मूळ कल्पना होती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तो १९२० च्या सुमारास वाळूत उतरला. सांता मोनिका येथे १९३० साली सहाऐवजी दोघांनीच खेळून पाहिले आणि त्यातून आजचा बीच व्हॉलीबॉल जन्मास आला.

किराय यांचे वडील लास्लो हे मूळचे हंगेरीचे. तेथील कनिष्ठ राष्ट्रीय संघात ते व्हॉलीबॉल खेळले होते. १९५६ च्या उठावानंतर त्यांनी देश सोडला व अमेरिकेत येऊन पुढे वैद्यकीय व्यवसाय पत्करला. कार्च यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९६० रोजी मिशिगन राज्यातील जॅक्सन येथे झाला. नंतर हे कुटुंब कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाले. (हंगेरियन भाषेत ‘किराय’ या शब्दाचा अर्थ राजा असा होतो. पुढे वृत्तपत्रांनी या योगायोगाचा पुष्कळ उपयोग करून घेतला.) वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांनी मुलाच्या हाती चेंडू दिला आणि अकराव्या वर्षी हा मुलगा वडिलांचाच जोडीदार म्हणून वाळूवरच्या स्पर्धेत उतरला. समोर सगळे वयाने मोठे. दोघांच्या खेळात लहानग्याला झाकून ठेवण्याची सोयच नसते; उलट प्रतिस्पर्धी प्रत्येक सर्व्हिस मुद्दाम त्याच्याच अंगावर मारतात. किराय यांच्या पुढील सर्व खेळाचे मूळ या गोष्टीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केला. अल स्केट्स या ख्यातनाम प्रशिक्षकांच्या हाताखाली विद्यापीठाच्या संघाने १९७९, १९८१ व १९८२ अशी तीन राष्ट्रीय विजेतीपदे मिळविली. किराय यांच्या चार वर्षांत हा संघ १२३ सामने जिंकला व अवघे ५ हरला. १९८३ साली ते गुणवत्तेसह पदवीधर झाले. खेळात पडलेला विद्यार्थी अभ्यासातून उठतो, हा आपल्याकडील पालकांचा समज किती सरसकट आहे, याचे हे एक उदाहरण शिक्षकांनी अवश्य सांगावे.

दोघांनी सांभाळलेले सहाजणांचे मैदान

१९८१ मध्ये किराय राष्ट्रीय संघात आले. व्हॉलीबॉल अमेरिकेत जन्मला असला तरी तोवर त्या देशाच्या पुरुष संघाला ऑलिंपिकमध्ये एकही पदक मिळालेले नव्हते. प्रशिक्षक डग बील यांनी एक धाडसी रचना केली. त्या काळी प्रतिपक्षाची सर्व्हिस घेण्यासाठी सहापैकी बहुधा पाच खेळाडू मैदानभर पसरून उभे राहत. चेंडू दोघांच्या मधे पडला की ‘तुझा की माझा’ या घोळात गुण जाई, हे गावच्या मैदानावर ज्यांनी कधी खेळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहेच. बील यांनी हे काम फक्त दोघांवर सोपविले : किराय आणि आल्डिस बर्झिन्स. बाकीचे चौघे या जबाबदारीतून मोकळे झाले व आक्रमणाच्या तयारीत राहू लागले.

नऊ मीटर रुंदीचे मैदान दोघांनी सांभाळणे सभागृहातील खेळाडूंना अशक्यप्राय वाटे. वाळूत वाढलेल्या किराय यांना मात्र ते नित्याचे होते, कारण तेथे दुसरे कोणी नसतेच. पुढे ही पद्धत थोड्याफार फरकाने जगभर रूढ झाली. किनाऱ्यावरचा फावल्या वेळचा खेळ म्हणून ज्याकडे पाहिले जाई, त्याने सभागृहातील खेळाची मांडणीच बदलून टाकली.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत संघाने बहिष्कार टाकला होता. गटातील सामन्यात अमेरिकेचा संघ ब्राझीलकडून हरला, परंतु अंतिम सामन्यात त्याच ब्राझीलचा त्याने सरळ तीन डावांत पराभव केला. सोव्हिएत संघाच्या अनुपस्थितीत मिळालेले सुवर्ण, अशी कुजबुज झाली. तिला उत्तर मिळाले ते नंतरच्या वर्षांत. १९८५ चा विश्वचषक आणि १९८६ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अमेरिकेने जिंकली, आणि १९८८ साली सोल येथे अंतिम सामन्यात सोव्हिएत संघ समोर उभा असताना पहिला डाव गमावून पुढील तीन डाव घेतले. या वेळी किराय संघाचे कर्णधार होते.

ही वर्षे भारतीय व्हॉलीबॉलच्याही चांगल्या दिवसांची होती. १९८६ च्या सोल आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय पुरुषांनी कांस्यपदक मिळविले. त्या संघातील केरळचे जिमी जॉर्ज इटलीतील व्यावसायिक संघांतून खेळत असत. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतच मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९० मध्ये, किराय याच इटालियन साखळीत राव्हेन्ना येथील संघाकडून खेळू लागले. त्या संघाने १९९१ चे इटलीचे विजेतेपद व जागतिक क्लब अजिंक्यपद आणि १९९२ चा युरोपीय करंडक मिळविला.

वाळूत परतणे

सभागृहातील व्हॉलीबॉलमध्ये मिळविण्यासारखे जे होते ते सर्व मिळाले होते. राष्ट्रीय संघातून ते १९८९ मध्येच बाहेर पडले होते. दरम्यान कॅलिफोर्नियात बीच व्हॉलीबॉलच्या खेळाडूंनी १९८३ साली आपली संघटना उभारली होती आणि बक्षिसांच्या रकमा वाढत चालल्या होत्या. १९९२ मध्ये इटलीहून परतल्यावर बत्तिशीच्या उंबरठ्यावरील किराय पूर्ण वेळ वाळूवर खेळू लागले. सभागृहातील खेळाडू ज्या वयात निवृत्तीचा विचार करतो, त्या वयात.

या बदलात नेमके काय बदलते? जाळे तेच, पुरुषांसाठी २.४३ मीटर व स्त्रियांसाठी २.२४ मीटर ही त्याची उंचीही तीच. पण वाळूत पाय रुततो, रेट्याचा काही भाग वाळू गिळून टाकते आणि उडी कमी पडते. वाळूवर धावण्यास कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात आढळले. चेंडूत हवा कमी असते, त्यामुळे तो वाऱ्यावर अधिक भरकटतो. सूर्य डोळ्यांवर येतो, म्हणून ठरावीक गुणांनंतर बाजू बदलतात. सभागृहात जाळ्यावर ब्लॉक करताना झालेला स्पर्श तीन स्पर्शांत मोजत नाहीत. वाळूवर तो मोजतात. बोटांच्या टोकांनी चेंडू हळूच पलीकडे टाकण्याची क्लृप्ती वाळूवर चालत नाही. राखीव खेळाडू नसतो. जोडीदार जायबंदी झाला की सामना संपला. आणि किराय खेळत होते त्या काळी सामना चालू असताना प्रशिक्षकाने सूचना देण्यासही मनाई होती.

सर्वांत मोठा फरक कामाच्या वाटणीचा आहे. सहाजणांच्या संघात एक केवळ चेंडू उचलून देतो, एक केवळ मधून मारतो, कोणी सर्व्हिस घेण्याच्या वेळी बाजूला सरतो. उंच मुलाला पाचवीसहावीत जाळ्यापाशी उभे केले तर दहा वर्षांनीही त्याला खालून पास देता येत नाही, अशी उदाहरणे आपल्या तालुका स्पर्धांत पैशाला पासरी मिळतील. वाळूवर ज्याने सर्व्हिस घेतली त्यालाच जोडीदाराने उचललेला चेंडू मारावयाचा असतो. एक कला कच्ची असली तर प्रतिपक्ष दहा मिनिटांत ती हुडकून काढतो. सुमारे १.९ मीटर उंचीचे किराय अव्वल दर्जाच्या सभागृह खेळाडूंत फार उंच गणले जात नसत. परंतु सर्व कला सारख्याच पक्क्या असल्यामुळे वाळूवर त्यांच्यात प्रतिपक्षाला हेरता येण्याजोगे वैगुण्य नव्हते.

केंट स्टेफेस हा आठ वर्षांनी लहान व अधिक उंच जोडीदार त्यांना लाभला. या जोडीने एकूण ७६ स्पर्धा जिंकल्या.

समुद्रावाचून पुळण

१९९६ साली अटलांटा येथे बीच व्हॉलीबॉलला ऑलिंपिकमध्ये प्रथमच पदकाचा दर्जा मिळाला. स्पर्धा झाली ती अटलांटाजवळील जोन्सबरो येथे, समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. वाळू आणून पसरली आणि मैदान तयार झाले. पुढे बीजिंगमध्ये एका उद्यानात, लंडनमध्ये राजवाड्याजवळच्या घोडदळाच्या संचलनभूमीवर व २०२४ साली पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी अशाच आणलेल्या वाळूवर ऑलिंपिक सामने झाले. खेळाच्या नावात किनारा असला तरी खेळाला किनारा लागत नाही, हे अगदी पहिल्या स्पर्धेपासून सिद्ध आहे.

जोन्सबरो येथील सर्वांत चुरशीचा सामना उपांत्यपूर्व फेरीतच झाला. किराय-स्टेफेस यांच्यासमोर होते सिंजिन स्मिथ व कार्ल हेंकेल. स्मिथ हे विद्यापीठातील किराय यांचे सहकारी व वाळूवरचे एके काळचे जोडीदार. मात्र १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीच त्यांनी राष्ट्रीय संघाऐवजी वाळू निवडली होती, तर किराय सभागृहात राहिले होते. पंधरा वर्षांपूर्वी दोन वाटांनी गेलेले हे दोघे आता एकाच जाळ्याच्या दोन बाजूंस होते. एक पस्तीस वर्षांचे, दुसरे एकोणचाळीस. त्या वेळी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे, त्यामुळे सामना लांबतच गेला. किराय-स्टेफेस यांनी तो १७-१५ असा जिंकला. अंतिम सामना त्या मानाने सरळ झाला : माइक डॉड व माइक व्हिटमार्श या अमेरिकेच्याच जोडीवर १२-५, १२-८ अशी मात.

किराय त्यानंतरही अकरा वर्षे खेळले. २००५ च्या ऑगस्टमध्ये हंटिंग्टन बीच येथे माइक लँबर्ट यांच्यासह त्यांनी आपली १४८ वी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांचे वय ४४ वर्षांचे होते. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. गुलाबी टोपी ही त्यांची ओळख शेवटपर्यंत राहिली.

हाच मार्ग पुढे इतरांनीही धरला. केरी वॉल्श या २००० साली सिडनी येथे अमेरिकेच्या सहाजणींच्या संघात होत्या; नंतर वाळूवर येऊन मिस्टी मे-ट्रेनर यांच्या जोडीने त्यांनी २००४, २००८ व २०१२ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली. आशियाई क्रीडास्पर्धांत बीच व्हॉलीबॉलचा समावेश १९९८ च्या बँकॉक स्पर्धेपासून आहे.

किराय मात्र निवृत्तीनंतर पुन्हा लाकडी फरशीवर गेले, आता प्रशिक्षक म्हणून. अमेरिकेच्या महिला संघाची सूत्रे त्यांनी २०१२ मध्ये हाती घेतली. २०१४ मध्ये त्या संघाने प्रथमच जागतिक अजिंक्यपद मिळविले, २०१६ मध्ये ऑलिंपिक कांस्य आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राझीलला हरवून महिला संघाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. सहाजणांच्या व्हॉलीबॉलमध्ये खेळाडू व मुख्य प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी ऑलिंपिक सुवर्ण मिळविणे त्यापूर्वी केवळ चीनच्या लांग पिंग यांना साधले होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळाल्यानंतर किराय यांच्याकडे अमेरिकेच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद सोपविण्यात आले.

केळझरला चव्वेचाळीस ब्रास

आता मूळ शंकेकडे येऊ. केळझरसारख्या गावी सहा-सहा मुले रोज एका वेळी मैदानावर जमतीलच असे नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तर नाहीच. चौघे जमणे सोपे. शिवाय चौघांपैकी प्रत्येकाच्या हाताला चेंडू सारखा लागतो. सहाजणांच्या खेळात नवख्या मुलास कित्येकदा अर्धा तास चेंडूचा स्पर्शही होत नाही. कठीण, भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर सूर मारण्यास मुले कचरतात आणि पालक, विशेषतः मुलींचे पालक, ढोपरे फुटण्याच्या भीतीने खेळू देत नाहीत. वाळूत, किंवा विदर्भाच्या भाषेत रेतीत, ही भीती पुष्कळ कमी होते.

खर्चाचा मुख्य भाग रेतीचाच. या खेळाचे मैदान पूर्वी १८ बाय ९ मीटरचे असे. या शतकाच्या आरंभी ते १६ बाय ८ मीटर करण्यात आले. सभोवार तीन मीटर मोकळी जागा धरली तर २२ बाय १४ मीटर जागा लागते. रेतीचा थर किमान ४० सेंटिमीटर हवा. हिशेब १२३ घनमीटर, म्हणजे सुमारे ४४ ब्रास, इतका येतो. हा आकडा ऐकून ग्रामपंचायत सदस्य खुर्चीत मागे टेकतील, हे उघड आहे. सरावापुरती मोकळी जागा दोन मीटर ठेवली तर ३४ ब्रास पुरतात. काटकसर करावयाची ती बाजूच्या जागेत करावी, खोलीत करू नये. थर उथळ झाला की टाच खालच्या कठीण जमिनीवर आदळते आणि घोटा दुखावतो.

नदीतील रेती हे गौण खनिज आहे. स्वामित्वधन भरून व महसूल अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊनच ती आणावी. क्रीडांगणाचे पुण्यकार्य म्हणून रात्रीच्या ट्रॅक्टरची रेती पसरणे कोणत्याही ग्रामपंचायतीस शोभणारे नाही. रेती चाळलेली व धुतलेली असावी; मातकट रेती पहिल्या पावसानंतर घट्ट बसते. काळ्या जमिनीतून पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्ड्याच्या तळाशी गिट्टीचा थर देऊन त्यावर पाणी झिरपू देणारे पण रेती अडविणारे कापड अंथरावे आणि एका बाजूस पाण्याला उताराची वाट काढून द्यावी. ही वाट न ठेवल्यास आषाढात तेथे डबके होईल. रात्री कुत्री-मांजरे रेती घाण करतात, यासाठी ताडपत्री किंवा साधे कुंपण लागते. रोज संध्याकाळी खेळ सुरू होण्यापूर्वी मुलांनीच दाताळ्याने रेती उकरून काचा-खडे वेचावेत, हा नियम शाळेने घालून द्यावा.

जाळ्याचे खांब मात्र एकाच उंचीचे करू नयेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी जाळे २ मीटर, चौदापर्यंत २.१२ मीटर व सोळापर्यंत २.२४ मीटर उंच असते. या तीन आणि प्रौढ पुरुषांच्या २.४३ मीटर अशा चार उंचींवर खांबांना कड्या बसवून घेण्याचे काम गावचा लोहार किंवा वेल्डिंगवाला एका दिवसात करून देईल.